डावखुऱ्या गिबचा विळा

"विळा आगटीवर टांगू नकोस, पोरी," एमटमावशी म्हणाली होती. "ॲशच्या झाडाचं लाकूड धुरात सुकतं. आणि एकदा सुकलं की मोडायच्या आधी काही सांगत नाही."

मी "बरं, मावशी" म्हटलं, आणि विळा होता तिथंच राहू दिला.

तो हिवाळाच तसा होता. पिठाला बुरशी, जोड्यांना बुरशी, इडनीच्या पाळण्याच्या बुडाला पांढरी लव. इडनी तेव्हा आठ महिन्यांची. तिच्या छातीत जरा घरघर झाली की मी कान लावून बसायची. ओल घरात शिरते आणि लेकरांच्या अंगात घर करते, एवढंच माझ्या डोक्यात. म्हणून जे जे सुकवता येईल ते मी आगटीवरच्या आढ्याला टांगलं होतं : बियाण्याची पिशवी, इडनीचे कपडे, हॅमोचे जोडे, आणि त्याचा लांब दांडीचा गवतकापीचा विळा. हॅमो म्हणायचा, "उद्या मलाही टांगशील. पायाला बांध, मानेला नको."

एमटमावशी विस्तव मागायला आली होती. त्याच आठवड्यात तिनं माझ्या पावाला, माझ्या गाठी मारण्याला आणि माझ्या मांजराला नावं ठेवली होती. तिचं सगळंच बोलणं मनावर घ्यायचं म्हटलं असतं तर दिवसभर दुसरं काही झालंच नसतं. खापरात निखारे घेऊन ती दारापर्यंत गेली, वळून पुन्हा एकदा विळ्याकडं पाहिलं, आणि काही न बोलता निघून गेली. ती न बोलता गेली, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

ईस्टर झाला आणि पाऊस लागला तो लागलाच. वाटाणा शेतातच कुजला. आमच्या विदीकोटमध्ये नदीकाठचं कुरण सगळ्या गावाचं. दरवर्षी चिठ्ठ्यांसारख्या खुणेच्या काठ्या निघतात आणि ज्याची काठी त्याचा पट्टा. आमची खूण बदकाचं पाऊल, तीन रेघा. त्या वर्षी बदकाचं पाऊल नेमकं पाण्याच्या कडेला निघालं. खाली मातीत खुणेच्या तीन रेघा कोरताना हॅमो म्हणाला, "बदकाला बरं आहे हे." आठ दिवसांनी नदी चढली. ती उतरली तेव्हा आमच्या पट्ट्यावर बोटभर गाळ होता आणि त्याखाली गवत चिकटून आडवं पडलेलं. ते कापून गुराला घालायचं म्हणजे गुराच्या पोटात वाळू भरायची.

गूर म्हणजे आमची एकच गाय, कबरी. लेंटच्या उपासाच्या दिवसांत मला ताप भरला आणि माझं दूध गेलं ते परत आलं नाही. इडनीला घेवड्याचं कालवण पचेना, जवाचा पाव भिजवून दिला तरी बाहेर. ती जगली ती कबरीच्या दुधावर. हिवाळ्याचं गवत नसेल तर थंडीच्या तोंडावर, मार्टिनच्या सणाला गूर कापतात, सगळेच कापतात, त्यात वाईट काही नाही. पण आमच्या घरात कबरी गेली की त्यामागोमाग काय जाईल ते मला दिसत होतं. हॅमोलाही दिसत होतं. 

उरलं होतं ते मठाचं कुरण.

ऐन उन्हाळ्यात, संत योहानाच्या सणानंतरच्या सोमवारपासून पाच दिवस गावानं मठाचं गवत कापून द्यायचं, ही जुनी रीत. मठ पाव, चीज आणि बिअर देतो. आणि दिवस सरला की प्रत्येक कापणाऱ्याला एक भारा. भारा किती मोठा? विळ्याच्या दांडीवर तोलून जेवढा उचलता येईल तेवढा. दांडी भाऱ्याखाली घालायची, भारा जमिनीवरून सुटला पाहिजे, तीन पावलं चालायचं. चाललास तर भारा तुझा. दांडी मोडली तर भारा मठाचा, आणि राहिलेल्या दिवसांचे भारेही गेले.

भारा बायका बांधतात. कुठलं गवत घ्यायचं, किती घ्यायचं, आपला माणूस आज किती दमलाय, त्याची दांडी किती सोसेल, हे सगळं बायकोच्या हातात. पाच संध्याकाळी, पाच भारे. मी मनातल्या मनात ते कितीदा तरी कबरीपुढं टाकून पाहिले होते. पाचही चांगले मोठे मिळाले, वर घेवड्याची काडं आणि आयव्हीच्या वेलाचा पाला असला, तर ती मे महिन्यापर्यंत तगत होती.

सोमवारी पावसानं उघडीप दिली. दव असतानाच माणसं ओळीनं उभी राहिली, अठराजण, एकामागं एक तिरक्या रांगेत. पहिल्याचा विळा फिरला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, गवत सगळं डावीकडं पडत जातं. मागून आम्ही बायका दंताळी घेऊन. माझ्या पाठीवर इडनी झोळीत. दर थोड्या वेळानं माणसं थांबून पात्यावर दगड फिरवायची, आणि तो आवाज आला की इडनी हसायची.

संध्याकाळी मी भारा बांधला. गवत ओलं होतं, ओल्या गवताला वजन फार आणि सुकल्यावर त्यात राहतं थोडं. म्हणून मी वरचं, वाऱ्याला लागलेलं वेचून वेचून घेतलं होतं. हॅमोनं दांडी खाली घातली, गुडघे वाकवले आणि उठला.

दांडी करकरली.

फार नाही. कुणी दूर दार उघडावं एवढीच. पण हॅमोनं माझ्याकडं पाहिलं आणि मी त्याच्याकडं. त्यानं तीन पावलं टाकली, कशी टाकली त्याचं त्याला माहीत, आणि भारा ठेवला. मठाचा कुरणराख्या ओसबर्ट शेजारीच उभा होता. त्यानं काठीवर खाच पाडली आणि पुढं गेला.

घरी येऊन हॅमोनं दांडी दारातल्या उजेडात धरली. वरच्या मुठीखाली एक चीर गेली होती. केसाएवढी बारीक, पण वीतभर लांब. त्यानं अंगठ्याचं नख तिच्यावरून नेलं.

"सुकलीय," तो म्हणाला.

मी इडनीला दूध पाजत होते. तिनं माझं बोट धरलं होतं.

"आगटीवर होती ना," तो म्हणाला. एवढंच. मला वाटलं तो आणखी काही बोलेल. तो बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं कातड्याची वादी पाण्यात भिजवली, चिरेवर गच्च आवळून गुंडाळली आणि विळा भिंतीला टेकवून जेवायला बसला.

मंगळवारी त्यानं त्याच विळ्यानं कापलं. दर फेऱ्याला मी वादीकडं बघत होते, आणि त्यामुळं माझ्या दंताळ्यातून इतकं गवत सुटत होतं की कारभाऱ्याच्या बायकोनं मला दोनदा हटकलं. "कुठं लक्ष आहे गं? नवऱ्याला काय पहिल्यांदा बघतेस?"

संध्याकाळी मी भारा बांधला तो एवढासा. बाकीच्यांचे भारे कमरेपर्यंत आणि आमचा गुडघ्याला. ओसबर्टनं तो पाहिला, मग वादी पाहिली आणि त्याला सगळं समजलं.

"काय रे हॅमो, घरी ससा पाळलाय?"

माणसं हसली. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, दमलेली माणसं कशालाही हसतात. हॅमोही हसला. तो हसला म्हणून मला रडू आलं. दांडी पुन्हा करकरली आणि या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं.

"उद्या ही गेली," माझ्या मागं कुणीतरी म्हणालं.

नवी दांडी करायला सुतार लाकूड महिनाभर दाबून ठेवतो, वाफेवर वाकवतो. आणि गवतकापीच्या आठवड्यात कोण कुणाला विळा देणार? हॅमो घरी चालला. इडनीला त्याच्याकडं देऊन मी मात्र नदीच्या उताराकडं वळले.

एमटमावशीचं घर गावाच्या शेवटाला, जिथून गाड्या नदी ओलांडतात तिथं. तिचं दार उलटं आहे. सगळ्यांची दारं ज्या बाजूनं उघडतात तिच्या विरुद्ध. तिचा नवरा गिब डावखुरा होता, त्यानं बसवलं होतं. मी नेहमीसारखी नको त्या बाजूला ओढत राहिले.

"ढकल," आतून आवाज आला. "किती वर्षं येतेस?"

ती तकलीवर सूत कातत बसली होती. मी उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं गेलं.

"दांडी चिरली," मी म्हटलं.

"ऐकलं. ओसबर्टचा आवाज पार इथपर्यंत येतो."

"तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं." तिनं धागा तोडला. "तू ऐकलं नाहीस तेही बरोबरच. मी तुझ्या मांजराबद्दलही बोलले होते, आणि मांजर चांगलंच आहे."

मग ती उठली. आढ्याच्या थंड टोकाला, आगटीपासून सगळ्यात लांब, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तिनं मला काढायला लावलं. गोणपाट सोडलं. आत गिबचा विळा. दांडी पिवळसर, मऊ, हाताला लोण्यासारखी लागली. पातं धार लावून लावून निम्मं झिजलेलं, पण त्यावर गंजाचा ठिपका नाही.

"बदकाची चरबी," ती म्हणाली. "दर शरदात लावते."

"गिबकाकांना जाऊन सहा वर्षं झाली ना?"

"मग काय झालं? तो होता तेव्हाही मीच लावत होते."

मी विळा हातात धरला आणि तो हातात बसेना. मुठी नको त्या बाजूला, पात्याचा बाक नको त्या बाजूला. अर्थातच. हा विळा डाव्या हाताचा होता.

"हॅमो उजवा आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. मला डोळे आहेत. शिकेल. गिबसुद्धा आईच्या पोटातून शिकून आला नव्हता." ती पुन्हा बसली. "एक अट आहे. उद्या मला कुरणावर ने. मला चालवत नाही तेवढं, हॅमोनं धरलं पाहिजे. सहा वर्षं मला कुणी बोलावलं नाही. म्हाताऱ्या बाईला तिथं काय काम, असं म्हणतात. मला बसायचंय तिथं. वास घ्यायचाय."

बुधवारी सकाळी हॅमो एका खांद्यावर उलटा विळा आणि दुसऱ्या हाताला एमटमावशी असा कुरणावर आला, तेव्हा अठरांपैकी सतराजणांनी काम थांबवलं.

"अरे, हॅमो उलटा झाला!"

"बायकोनं उलटवला, बायकोनं!"

"आज गवत वर टाकणार का रे, ढगात?"

ओळीत त्याला उभं करता येईना. उजवे विळे डावीकडं फिरतात, त्याचा उजवीकडं फिरणार. शेजाऱ्याच्या टाचा गेल्या असत्या. कारभारी थर्स्टननं, तो गावातलाच, त्या वर्षी कारभारीपणाची पाळी त्याची होती, डोकं खाजवलं आणि हॅमोला पार टोकाला, चराच्या कडेला धाडलं. तिथं जमीन घोट्यापर्यंत ओली, गवत जाडं, मध्ये लव्हाळं. एकट्यानं कापायचं, आणि सगळ्यांच्या उलट दिशेनं यायचं.

एमटमावशीला आम्ही काटेरी हॉथॉर्नच्या कुंपणाखाली बसवलं आणि इडनीला तिच्या मांडीवर दिलं. इडनी अनोळखी मांडीवर रडते. तिथं रडली नाही. त्या म्हातारीच्या गळ्यातल्या दोऱ्याला धरून बसली.

हॅमोचे पहिले फेरे मला बघवेनात. पातं मातीत घुसत होतं, नाहीतर गवताच्या वरून निसटत होतं. तो उजव्या हातानं ओढायचा आणि डावा हात मध्ये यायचा. एकदा तर तो स्वतःभोवतीच फिरला आणि चरात बसला. लांबून टाळ्या आल्या. तो चिखलातून उठला, पातं गवतानं पुसलं, पुन्हा उभा राहिला. त्याच्या मानेवर शिरा उठल्या होत्या.

"हात नको, कंबर!" कुंपणाखालून एमटमावशी ओरडली. "हातानं काय पाळणा हलवतोस?"

"मावशी, जरा हळू!" मी म्हटलं.

"हळू बोलले तर त्याला कसं ऐकू जाईल? हॅमो! उजवा पाय पुढं! दुसरा! दुसरा रे, तुला किती पाय आहेत?"

माणसं आता ओळीतून तिच्याकडं बघून हसत होती. कुणीतरी तिच्यासारखं ओरडलं, "कंबर!" मग दुसऱ्यानं. थोड्या वेळानं हॅमोचा प्रत्येक फेरा सगळं कुरण मोजत होतं, "कंबर! कंबर!" आणि मला कळेना हे चिडवणं आहे की मदत. पण त्यात एक ठेका होता. दुपारची घंटा व्हायच्या जरा आधी मी मान वर केली तर हॅमो चालत होता. कापत कापत सरळ चालत होता, विळा उजवीकडं फिरत होता, आणि त्याच्या मागं गवताचा पट्टा नको त्या बाजूला पण नीट, सारखा पडत होता. हसणं आपोआप थांबलं.

 मी पाणी घेऊन गेले तेव्हा एमटमावशी त्याच्याकडंच बघत होती.

"लांबून तसाच दिसतो," ती म्हणाली. "डोळे अधू आहेत म्हणून असेल."

जेवणाच्या वेळी हॅमोनं हात उघडून दाखवले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, त्यातले तीन फुटलेले. पाव त्याला धरता येईना. मी तुकडे करून भरवले, आणि समोरून कुणी चिडवलं नाही.

संध्याकाळी मी भारा बांधायला घेतला. चराच्या काठाचं गवत ओलं आणि जड.  जुनी दांडी, सहा वर्षं न उचललेली. थोडं घ्यावं का? मग मी कुंपणाकडं पाहिलं. इडनी म्हातारीच्या मांडीवर झोपली होती. कबरीसाठी दोन भारे मिळाले होते, त्यातला एक सशाचा. मी आणखी एक कवळ घातली, मग आणखी एक. गवताचाच पिळलेला बंद मी गुडघ्यानं दाबून आवळला. भारा माझ्या छातीएवढा झाला.

हॅमोनं तो पाहिला. "अविस," त्यानं नुसतं माझं नाव घेतलं.

"उचल," मी म्हटलं.

त्यानं दांडी खाली घातली, तेवढ्यात ओसबर्ट मध्ये आला.

"थांब. हा विळा तुझा नाही."

"मग?"

"मग काय मग? रीत काय आहे? आपल्या विळ्यावर उचलायचं. उद्या माणूस सुताराकडून लोखंडासारखी दांडी आणेल आणि मठाची अख्खी गंजी उचलून नेईल."

"आज दिवसभर त्यानं कशानं कापलं मग?" कुंपणाखालून एमटमावशी. "नखांनी?"

"मावशी, तू गप्प बस. हा मठाचा कायदा आहे." ओसबर्टनं भारा पायानं बाजूला सारला. जोरात नाही. पण बंद सैल झाला आणि वरचं गवत घरंगळलं.

थर्स्टन आला. दिवसभर उन्हात फिरून त्याचा चेहरा लाल झाला होता आणि त्याला घरी जायचं होतं. "आपल्या विळ्यावर, असंच म्हणतात," तो म्हणाला. "माझा बापही असंच म्हणायचा. हॅमो, तुझा विळा कुठंय?"

"चिरलाय."

"मग त्यावर उचल जेवढं उचलेल तेवढं."

माझा बाप चर्चचा कारकून होता. मठानं एकदा गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावून सगळ्या रीती विचारून कातड्यावर उतरवून घेतल्या, ते लिहिलं माझ्या बापानं. मी सात वर्षांची होते, शाईचं शिंग धरून शेजारी उभी राहायची. लिहायच्या आधी तो प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणायचा, आणि घरी आल्यावर मला म्हणून दाखवायला लावायचा. मला वाचता येतं हे गावाला माहीत आहे, आणि गावाला ते फारसं आवडत नाही. चारचौघांत मी ते कधी काढत नाही.

"असं नाही लिहिलेलं," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं वळले.

"झालं," ओसबर्ट म्हणाला. "कारकुनाची लेक बोलली."

"'ज्या विळ्यानं त्या दिवशी कापलं, त्या विळ्यावर,' असं लिहिलंय." माझा आवाज चिरकला, पण मी थांबले नाही. "'आपल्या' नाही. आधी 'आपल्या' लिहिणार होते. सगळे म्हातारे तसंच म्हणाले. मग गिबकाका उठले. म्हणाले, डावा विळा गावात एकच आहे. मी आजारी पडलो आणि माझा विळा दुसऱ्या कुणी चालवला, तर दिवसभर राबून त्याला भारा नाही का मिळायचा? सगळे हसले. म्हणाले, गिब, तुझा उलटा विळा कोण चालवणार? गिबकाका म्हणाले, कुणी ना कुणी चालवेल. मग बाबांनी शब्द बदलला. घरी येऊन त्यांनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला."

  

थर्स्टननं ओळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या कापणाऱ्याकडं, हॉजकडं पाहिलं. हॉज विळ्यावर रेलून उभा होता. 

"हसणाऱ्यांत मी होतो," तो म्हणाला.

थर्स्टननं हात झटकला. "उचल, हॅमो. पण या आठवड्यात आता हाच विळा. हा मोडला तर सगळं गेलं. ओसबर्ट, भारा होता तसा कर."

"मी?"

"तूच विस्कटलास ना?"

ओसबर्टनं गवत गोळा करून दिलं. बंद मी बांधला.

हॅमोनं फुटलेल्या तळव्यांत दांडी धरली, भाऱ्याखाली घातली, गुडघे वाकवले. मी डोळे मिटणार होते, मिटले नाहीत. दांडी वाकली. धनुष्यासारखी वाकली, मला वाटलं आता आवाज येईल. आवाज आला नाही. भारा जमिनीवरून सुटला, गवताच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. एक पाऊल. हॅमोचे ओठ आत ओढलेले. दोन. चिखलातून त्याचा जोडा फक्कन निघाला. तीन. त्यानं भारा ठेवला आणि दांडी हळूच, कुरकुर न करता, परत सरळ झाली.

 मी तिथंच भाऱ्यावर बसले. कुणीतरी ओरडलं "कंबर!" आणि सगळं कुरण हसलं, ओसबर्टसुद्धा. हॅमो माझ्या शेजारी बसला, त्याचे हात त्यानं आकाशाकडं उघडे ठेवले होते, आणि तो इतका हसत होता की त्याला उचकी लागली.

गुरुवारी तसाच भारा. शुक्रवारी त्याहून मोठा, कारण शुक्रवारी ऊन कडक पडलं आणि गवत हलकं झालं होतं. शनिवारी पहाटे पाऊस पुन्हा आला, तेव्हा आमचं गवत गोठ्याच्या माळ्यावर होतं आणि मी त्याखाली उभी राहून वास घेत होते. एमटमावशी आली, तिनंही मान वर करून वास घेतला. म्हणाली, "रचलंय वाईट. पण पुरेल."

हॅमोची जुनी दांडी मी आगटीत घालणार होते. एमटमावशीनं घालू दिली नाही. ती आता घेवड्याच्या वेलाला आधार देते.

पुरलं. मार्टिनच्या सणाला गावात बहुतेकांनी गुरं कापली, आम्ही नाही. कबरी अजून आहे. हे बोलतेय तोवर ती पलीकडं रवंथ करतेय, ऐकू येतं तुम्हाला? थोडंच देते आता, पण देते. इडनी चालते, दिसेल ते पाडते. आणि हा दुसरा, पाळण्यातला, अकरा दिवसांचा. नाव गिल्बर्ट ठेवलंय, गिबकाकांचं पूर्ण नाव तेच. एमटमावशीनंच त्याला हातात घेऊन चर्चपर्यंत नेलं बाप्तिस्म्याला, हॅमोच्या हाताला धरून. येताना म्हणाली, बघू कुठल्या हातानं चमचा धरतो ते.

पण मी बाळंतीण आहे. महिना भरून पाद्रीबाबा मला चर्चच्या दारातून परत आत घेत नाहीत तोवर मला हा उंबरा ओलांडता येत नाही. हॅमो मठाची लाकडं वाहायला गेलाय, तो रविवारशिवाय येत नाही. शेजारणी येतात, कालवण ठेवून जातात. एमटमावशी रोज यायची, नावं ठेवायला. तीन दिवस झाले, आली नाही. नदी चढलीय असं म्हणतात. इथून तिचं छप्पर मध्ये विलोची झाडं असल्यामुळं दिसत नाही, आणि छपरातून धूर निघतोय की नाही तेही मला कळत नाही. नसेलही काही. माझा स्वभावच असा आहे.

म्हणून तर वाटेनं जाताना तुम्हाला हाक मारून थांबवलं. तुम्ही नदीच्या उताराकडंच चालला आहात ना? मग हे एवढं दूध न्या, झाकण घट्ट आहे. धूर दिसला तरी थांबा, हाक मारा, तिचा आवाज ऐका. तिनं तुम्हाला काही नावं ठेवली तर फारच चांगलं, ती नीट लक्षात ठेवून मला येऊन सांगा. आणि दार उघडलं नाही तर आत कुणी नाही असं समजून मागं फिरू नका. ते उलटं आहे. ओढू नका. डाव्या हातानं ढकला.